वृंदाचा मुकादम

माझी सून वृंदा कारेलीबागेतल्या आमच्या घरी बसून काय काम करते, असं तुम्ही विचारत होता ना? आता मला माहीत आहे.

परवा तिचं काम अडलं. दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि कॉम्प्युटर मधेच गोठत होता. मी म्हटलं, “मला समजेल असं सांग.”

“अप्पा, एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक मानलेले प्रोसेसर असतात. ते एकमेकांना हाक मारतात. हायपरवायझर नावाचा प्रोग्राम म्हणजे त्यांचा मुकादम, तोच मी लिहिते. ज्याला हाक मारली तो झोपलेला असेल, तर मुकादम त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवतो आणि त्याला उठवतो.”

“झोपू देण्याआधी चिठ्ठी बघतो?”

“बघतो.”

“आणि बघून झाल्यावर, पण तो झोपायच्या आत चिठ्ठी आली तर? मी सावली गावच्या कारखान्यात होतो तेव्हा पाळी सुटताना माझी एक चिठ्ठी अशीच न वाचता राहून गेली होती.”

 आत गेली ती संध्याकाळपर्यंत खुर्चीवरून उठली नाही. मग साहेबांना फोनवर म्हणाली, “चूक आमच्या सासऱ्यांनी पकडली.”

खोटं आहे ते. मी फक्त विचारलं. हजारो ओळींतून ती जागा तिने शोधली आणि दुरुस्त केली. मी चहा केला, जन्मात पहिल्यांदा. साखर विसरलो. तिने तसाच संपवला.