हौसेची छावणी
परवाचं सांगतो. जीपमागं जोडायचा, आत झोपता येईल असा छोटा ट्रेलर बघायला लातूरला गेलो. सोबत आई. एक ट्रेलर हलका, वर तंबू उघडणारा; दुसरा पत्र्याचा, जड. माझं काही ठरंना.

आईनं विचारलं, "कशाला रं हे?"

"कॅम्पिंगला. म्हणजे छावणीच म्हण."

"छावणीला? हौसेनं?" मग दुकानदाराला म्हणाली, "जनावरं कुठं बांधायची?"

मी अन् दुकानदार लई हसलो. आई न्हाई हसली. लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात ती नवी नवरी, म्हशी घेऊन चारा छावणीत राहिलेली.

ती पत्र्याच्या ट्रेलरमध्ये शिरली. दार लावलं. कडी घातली, काढली, परत घातली.

आतूनच म्हणाली, "ह्योच घे. छावणीत आमाला दार नव्हतं."