बुलानचं नाक

...तर चर्चमधल्या सान रोके संताच्या मूर्तीसमोर मी नवस बोलले होते, की बाबा, तुझ्या पायाशी कायम कुत्रं असतं, तुला कळेल, आमच्या बुलानला परीक्षेत पास कर, मी वर्षभर सुक्या मासळीला शिवणार नाही, मिरवणुकीत अनवाणी चालेन... आणि तुम्हाला सांगते, त्यानं ऐकलं हो! पण कसं ऐकलं ते साहेबांना कळलं नाही, तेच तर रडणं आहे.

मुळात आमच्या गावाला श्वानपथक द्यायची बुद्धी झाली कुणाला? किनाऱ्यापासून चर्चच्या पायरीपर्यंत मासळी वाळत घातलेली, सकाळी नवा झगा घालावा तर दुपारी त्याला बांगड्याचा वास! पहिला आला मेजर. चोरीच्या जागी हुंगायला न्यावा, तर नुसता शिंकायचा. मग डचेस. ती चोराचा माग सोडून मासळीच्या मांडवाखाली जाऊन झोपायची. दोघांनाही नालायक ठरवून परत पाठवलं. आता मला सांगा, कुत्र्याचा काय दोष?

तिसरा आमचा बुलान. पिल्लू होता तेव्हापासून माझ्या यजमानांच्या हाताखाली. आमचे हे, क्रिस्पुलो, पोलिसात आहेत ना. शिकवण अशी, की लपवलेला माल सापडला की भुंकायचं नाही, समोर गप बसायचं. बुलान बसायचा... पण सगळीकडेच बसायचा! फादरच्या खिशासमोर, शेजारच्या युफेमिया मानांगच्या मासळीच्या टोपलीसमोर; मानांग म्हणजे आमच्याकडे थोरली ताई. ती म्हणायची, "आलास का रे हवालदारा, घे झडती," आणि बांगड्याची एक शेपटी त्याच्या तोंडात द्यायची. मग कुत्र्याचा काय दोष?

शेवटी शहरातून निरोप आला, की साहेब परीक्षा घेणार, नापास झाला तर पथक बंद आणि बुलानची रवानगी शहरातल्या पोलिसी कुत्र्यांच्या छावणीत. यजमान वरवर म्हणायचे, कुत्रंच ते, जाईल, आणि स्वतःचं ताट तसंच ठेवून त्याचा भात कालवत बसायचे. तेव्हा मी तो नवस बोलले. ते ऐकून आळीतल्या सगळ्या बायका सरसावल्या. परीक्षेदिवशी गावात वासच नको म्हणून झाडून सारी मासळी चर्चमागच्या खोलीत कोंडली, फटींत चिंध्या खुपसल्या, रस्ते धुतले. इतकं स्वच्छ गाव मी जन्मात पाहिलं नव्हतं!

साहेबांनी बाजारात बंदुकीच्या दारूची पुडी लपवली नि बुलानला सोडायला सांगितलं. त्यानं नाक वर केलं... आयुष्यात पहिल्यांदा हवेला वास नव्हता हो! बावरला, यजमानांकडे बघितलं, आणि जो सुटला तो पुडीवरूनच उडी मारून, विहिरीला वळसा घालून थेट चर्चमागे, त्या बंद दारासमोर गप बसला. अगदी शिकवल्यासारखा!

साहेबांनी दार उघडायला लावलं आणि नाकाला रुमाल धरला. मानांग पुढं झाली. "साहेब, लपवलेलं शोधायचं असं तुम्हीच म्हणालात. आम्ही लपवलं, त्यानं शोधलं. आणखी काय हवं?"

साहेब हसले हो, नाही असं नाही. "बाई, मासळी हा गुन्हा नाही," म्हणाले, आणि बुलानला गाडीत घातलं. यजमानांनी त्याच्या गळ्यातला पट्टा सोडवून घेतला, तो गाडी दिसेनाशी होईतो त्यांच्या हातातच. कुत्र्याचा काय दोष?

पथक बंद झालं, आता यजमान चौकात वाहतुकीच्या ड्युटीवर रिक्षा अडवतात. मी मिरवणुकीत अनवाणी चालले, मासळीही सोडली. नापास साहेबांनी केलं, संतानं नाही. फक्त एक विनवणी आहे. तुम्हीही एक नवस बोला, छोटासाच, की छावणीतल्या त्या फिनेलच्या भपक्यात आमच्या बुलानला दिवसातून एक तरी ओळखीचा वास यावा. आणि कधी तिकडून गेलात, तर खिशात एक सुका बांगडा असू द्या... तो येईल, समोर गप बसेल. लोक म्हणतील, पकडले गेलात. म्हणू द्या.