निळ्या ठिपक्याचा सेल

— नाही हो ताई, पोरीच्या कानाच्या मशीनला काहीही झालेलं नाही. या महिन्यात चौथ्यांदा आणलंत ना? मग चौथ्यांदा सांगतो. शिट्टी नाही, खरखर नाही, नळी स्वच्छ, ठणठणीत आहे. आणि आता शाळेतल्या बाईंची चिठ्ठी, की सेलच्या डबीला कुलूप बसवून आणा. वा! बाईंना बरंच कळतं की मशीनमधलं. कुलपं आहेत माझ्याकडे, तांदळाच्या दाण्याएवढी, एकदा बसवलं की माझ्या या सुईशिवाय डबी उघडत नाही. बसवतो, पाच मिनिटांचं काम. पण आधी बसा. तिला हाका कशाला मारताय — तिचे कान माझ्या हातात आहेत! पाठ करून बाकावर बसलीय ना, बसू द्या. खांदे बघा तिचे. आली तेव्हा कानाला टेकले होते, आता बघा कसे खाली आलेत. मशीन काढून दहा मिनिटं झाली फक्त.

हा सेल बघा, डबीतनं निघालेला. विकलेल्या प्रत्येक सेलवर मी ठिपका घालतो — या महिन्याचा लाल, मागच्या महिन्याचा निळा. लोक जुना सेल आणून 'नवाच बंद निघाला' म्हणून भांडतात, म्हणून ही सवय. तर हा कुठला? निळा, संपलेला. सकाळी तुम्ही लाल घालून पाठवता आणि दुपारी चारला निळा निघतो. सेल काय रंग बदलतो? घरी गेल्यावर तिची कंपासपेटी बघा, खोडरबराखाली मेलेले सेल सापडतील, नीट जपून ठेवलेले. मधली सुट्टी संपली की लाल काढायचा, निळा घालायचा. मशीन कानातच! काढून ठेवलं तर ओरडा बसतो, कानात असलं की बाई खूश, तुम्ही खूश. खोटारडी? ताई, जरा जपून बोला.

दिवसभर ऐकलंय तुम्ही कधी? ऐकू येणं नाही म्हणत मी, ते तुम्हा-आम्हाला फुकट येतं. हिला एकेक शब्द ओढून काढावा लागतो. बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात — गेलं. पंखा घरघरतो, बाकं सरकतात, ते सगळं या मशीनमधून बाईंच्या आवाजाएवढंच मोठं येतं. मग ओठ बघायचे, अर्धं ऐकायचं, अर्धं ताडायचं, आणि ताडून होईपर्यंत पुढचं वाक्य सुटलेलं. वर्ग हसला की आपणही हसायचं, जरासं उशिरा. कशाला हसले विचारलं तर काय उत्तर मिळतं ठाऊक आहे? 'काही नाही, सोड.' घरीसुद्धा! तुम्हीही म्हणत असाल. दिवसातनं वीस वेळा 'काही नाही, सोड' ऐकून बघा, मग चार वाजता दप्तर कोण फेकतं आणि आईवर कोण किंचाळतं ते कळेल. हट्ट नाही तो, ताई. पोर दमलेलं असतं. आतून दमतं.

मला कसं माहीत? अहो, धंदाच आहे हा — धंदा म्हणजे, घरातूनच सुरू झालेला. आमची टिकली. मुलगी माझी. सहावीत होती. हाच उद्योग, हेच मेलेले सेल, फक्त ती पेनाच्या टोपणात ठेवायची. मी पकडलं. मी नाही पकडणार तर कोण, बाप कानाच्या मशीनवाला! आणि माझ्या हाताने कुलूप बसवलं. याच टेबलावर, याच सुईने. चांगल्यासाठीच. पहिली आली हो त्या वर्षी, शाळेच्या फलकावर नाव. मी पेढ्यासारखा गोड हसत फिरत होतो गावभर. आणि ती घरी आली की कपाटात कपड्यांत डोकं खुपसून बसायची. आवाज तेवढाच कमी होतो ना. मी म्हटलं, खेळते. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मशीन माझ्यापुढे ठेवलं, इथे, कुलपासकट. त्यानंतर ना मशीन घातलं, ना माझ्याशी तोंडाने एक शब्द बोलली. आता तिच्यासारख्यांत राहते, हातांनी बोलते — इतकं भरभर, इतकं हसते म्हणे. मला एकच खूण येते. जेवलीस का. ती मान हलवते. संपलं बोलणं. अख्ख्या जगाला ऐकू यावं म्हणून मी इथे सुया टोचत बसलोय आणि —

सोडा. सांगायचं एवढंच, की ही दुपारची सुट्टी तिने स्वतःची स्वतः मिळवलीय, ती काढून घेऊ नका. तिला कळूसुद्धा देऊ नका तुम्हाला कळलंय ते. तेवढा एक आडोसा आहे तिला. म्हणून तर बोललो ना, मशीन माझ्या हातात असताना, तिला ऐकू जाणार नाही म्हणून —

काय झालं? तिकडे काय बघताय?

आरसा.

मीच लावलाय तो. मशीन कानामागे किती दिसतं ते गिऱ्हाइकाला बघायला. तिच्या बरोब्बर समोर, आणि त्यात मी, टेबलावरचा दिवा तोंडावर. आवाज बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असं धरून बसलो मी! ओठांवर तर जगते ती, आत्ता मीच सांगितलं ना तुम्हाला. कधीपासून बघतेय? पहिल्यापासून?

ये बाळ. नको, दप्तरातली कंपासपेटी नको उघडूस. अगं नको काढूस ते, राहू दे तुझ्याकडे — ताई, सांगा ना तिला. ठेवले. सगळे मेलेले सेल ठेवले माझ्यापुढे. हे घे, मशीन घे. घातलं बघा लगेच. खांदे बघा. आणि हसतेय तुमच्याकडे बघून. हेच ते वर्गातलं हसू.

कुलूप? आता कशाला कुलूप, ताई? मी बोललो तेवढं पुरे झालं. जा तुम्ही. जा म्हणतो ना. आणि तो दिवा बंद करा जाताना.