दहापैकी सात

...आणि वर मलाच विचारतात, "अगं, ऐकतेयस ना?" ऐकतेय हो, लग्नाला तीन महिने झाले, तीन महिने तेच तर ऐकतेय! तुम्हाला सांगते, यांचं काम जाहिरातींच्या इंग्रजी ओळी लिहायचं, आणि यांच्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात. त्यांनी साबणासाठी लिहिलं, 'सॉफ्ट सोप, सिल्कन स्किन', तर हे बूट न काढता दारातूनच, "काय स आहे गं तिचा! कसा सळसळत जातो!" नवऱ्याने दुसरीच्या 'स'चं इतकं कौतुक करावं? मी जळत नाही हं, नुसतं सांगते.

बरं, पुन्हा पुन्हा येणारं ते अक्षर शब्दाच्या सुरुवातीलाच हवं असंही नाही! 'डार्क सिल्क' ही तिची ओळ घेऊन आले एकदा. "बघ, क शेवटी लपवलाय, तरी कानाला बरोब्बर सापडतो. लपवावा तर तिनेच!" आणि मी नवा ड्रेस घालून समोर उभी, ती काही यांच्या डोळ्यांना सापडेना! पण मी जळत नाही हं.

म्हटलं, आपणही लिहू. डब्यात चिठ्ठी ठेवली, 'माय मॅन, माय मॉर्निंग, माय मून'. संध्याकाळी चिठ्ठी परत! प्रत्येक 'म'भोवती लाल पेनाने गोल, आणि खाली? दहापैकी सात!

"मी नाही दिले, तिने दिले," हे खुशीत, "ती सहसा पाचाच्या वर जात नाही!"

म्हणजे माझं प्रेम तपासायला तिच्याकडे? मी ज... जाऊ दे.

काल सामानाची यादी दिली. मीठ, मध, मेणबत्त्या, मोजे, मुंग्यांची पावडर. जे संपलं ते लिहिलं हो! हे वाचता वाचता थांबले, पुन्हा मोठ्याने वाचली, आणि माझ्याकडे असं बघितलं... असं तीन महिन्यांत नव्हतं बघितलं. मुंग्यांच्या पावडरीमुळे! "सुंदर! उद्या तिला दाखवतो." घडी केली, खिशात घातली, गेले झोपायला.

आज जेवताना पहिल्या घासालाच, "अगं, मीठ?"

म्हटलं, "तुमच्या बाईंच्या टेबलावर."

तर अळणी भाजी पुसून खाल्ली, आणि हात धुता धुता म्हणतात, "नऊ दिले तिने!"

मी जळत नाही हं. उद्याची यादी तेवढी लिहून ठेवलीय. साखर, साबण, सुया, सुतळी. बघतेच ती दहा कशी देत नाही! चहा काय, बिनसाखरेचा पिऊ.