पितळेखालचा खांब

खरं सांगतो, हे लिहून ठेवणारच नव्हतो. कीर्तनातलं बोलणं देवळातच विरलेलं बरं. पण नारबा, आमचा पखवाजवाला, म्हणाला, "लिही. बाबांना विचारलंय मी. नाव घालून लिही." तर जसं बोललो, तसंच टाईप करतोय.

मंडळी, एक सांगा! ज्याच्यावर जीव आहे त्याला झाकून ठेवावं, की उघडून बघावं? थांबा, माना डोलवू नका, गोष्ट अजून सुरूच नाही झाली!

हा डावीकडचा नवा खांब बघताय? इथे जुना होता, फणसाचा. त्याला टेकून नारबाची आई, इंदूकाकी, कीर्तन ऐकायची. जन्मभर! तिच्या केसांतलं खोबरेल लाकडात मुरून काळा गोल डाग पडला होता. काकी गेली. तिचे यजमान, नारबाचे बाबा विसूतात्या, रोज यायचे, त्या डागावर हात ठेवायचे आणि घरी जायचे. मग त्यांच्या मनात भीती शिरली. उद्या दुसरं कोणी इथे डोकं टेकेल! म्हणून अख्ख्या खांबाला पितळेचा पत्रा ठोकला. काय झळकायचा! आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग देवस्थानने रेवतीला बोलावलं. जुन्या इमारतींचं लाकूड तपासते ती. हातोडीने हळूच ठोकायची, कान लावायची. टण्! — हा चांगला. टण्! — हाही चांगला. तात्यांच्या खांबाशी थांबली.

"तात्या, पितळ सगळ्यालाच ठणठण म्हणतं. खालचा पत्रा सोडवू? सुईसारखं बारीक ड्रिल घालून बघते."

"सुई? आधी तुझ्या आवशीक टोच!"

आईला टोच म्हणे! आम्ही हसलो. हो, हसलो!

पण मंडळी, ही फरशी रोज धुतात ना? ते पाणी पत्र्याखालून आत शिरत होतं — आणि बाहेर यायला वाटच नाही! लाकूड भिजलं नि वाळलं तर टिकतं. वाळूच दिलं नाही, तर?

दोन पावसाळे गेले. तुळई खाली बसली, कौलं सरकली. आता पत्रा काढावाच लागला. पहिला खिळा निघाला — आणि आतून भुसा! ओल्या रव्यासारखा, भसाभस! तात्या गुडघ्यांवर बसून चाचपायला लागले. "हिच्या डोक्याची जागा खंय गेली? हंयच होती..." मनगटापर्यंत हात आत गेला, मंडळी!

रेवती हळूच म्हणाली, "तेव्हा खालचा वीतभरच कुजला असेल. तेवढा कापून जोड दिला असता. डाग राहिला असता."

"मग तेव्हा भांडूक व्हया होतं गो माझ्यावांगडा!"

"भांडले होते, तात्या. तुम्ही चहा पाजलात आणि विषय बदललात."

आता कोणी हसत नाही? बरं. तुमच्या घरी कोण आहे? म्हातारा बाप? त्याचा सत्कार करता, शाल घालता, फोटो लावता! आणि जवळ बसून "बाबा, आत कुठे दुखतंय?" हे कधी विचारलंत? नाही विचारत. कारण उत्तर येईल!

ते बघा तात्या, नव्या खांबाला टेकलेत. डोक्यावर केस चार, पण खोबरेल चोपडून येतात!

नारबा, पखवाज ठेव जरा. तात्या, राग मानू नका. नारबा, तुला शब्द देतो. दर वर्षी रेवतीला हातोडीसकट मीच घेऊन येईन. आणि तात्यांच्या माघारी त्यांचा डाग झाकायला तू इथे पत्रा घेऊन आलास ना — तर पहिला खिळा माझ्या पाठीत ठोकावा लागेल.