होडी मध्येच थांबवली तेव्हा

घर्षण शिकवायला मी एकदाच वर्गाबाहेर पडलो, आणि पूर्णगडात ते अजून कुणी विसरलेलं नाही.

पावसाळा लागताना होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात ना, तेच दाखवायला नववीचा वर्ग घेऊन गेलो होतो. नाना तांडेलांची होडी तेल लावलेल्या फळ्यांवर होती. वीस माणसं दोर ओढत होती, मागून भरती चढत होती, आणि होडी जागची हलेना.

मी खूश! म्हटलं, "बघा, हे स्थितिक घर्षण. वस्तू हलेपर्यंत हेच सगळ्यात जास्त नडतं."

तेवढ्यात होडी हलली आणि सरसर वर निघाली. "आणि हे गतिक! हे कमी असतं."

मागून मुली ओरडल्या, "सर, आम्हाला दिसलंच नाही!"

मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "थांबा! थांबा!"

वीसच्या वीस जणांनी दोर सोडला. होडी जागच्या जागी बसली. नाना धावत आले. "काय झालं मास्तर? कुणाचा पाय गावला खाली?"

"नाही हो... मुलांना घर्षण दाखवत होतो."

नानांनी पडलेला दोर उचलला. "मग आता कुठचं लागणार?"

"परत पहिलंच," मी हळूच म्हणालो.

त्यांनी दोर माझ्या हातात दिला. "धरा. सगळ्यात पुढं."

तळहात सोलून निघाले.

सहामाहीत प्रश्न घातला, वस्तू सरकवायला सर्वाधिक जोर केव्हा लागतो? अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर: 'सरांनी थांबवल्यावर.'

पूर्ण गुण द्यावे लागले.