मेन बंद होता!

करंट नाही हो, करंट नाही! तुम्हीपण तेच? अहो, खारी गावापासून इंद्रलोक वसाहतीपर्यंत ज्याला बघावं तो मान हलवून म्हणतोय, "बिचारा धाकू, वायरमन होता ना, लागला असेल शॉक..." आणि आमचा उत्तम, धाकूचा जन्माचा जोडीदार, भर अंत्ययात्रेत खांदा देता देता मागे वळून ओरडतोय, "मेन बंद होता!" चहावाल्याला तेच. ज्या रिक्षावाल्याने काही विचारलंच नाही त्यालासुद्धा, "भैया, मेन बंद था!"

तुम्हाला सांगतो, ह्या दोघांची पद्धतच होती. नवघरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मोटरची वायर बदलायची झाली की धाकू जाणार मेन स्विचवर. खटका खाली, वर स्वतःचं कुलूप, चावी मुठीत, आणि तिथेच स्टूल टाकून बसणार. शेठ येऊ दे नाहीतर शेठचा बाप, कुलूप उघडायचं नाही! मशीनपासून उत्तम विचारणार, "धाकू, बंद?" की धाकू आपल्या खारी गावच्या ठसक्यात, "बंद हाय रं! तरी टेस्टर लाव! मेलास त तुज्या घरी उर्मिलावहिनीला सांगाया मलाच जावा लागंल!" रोज हेच. आणि उत्तम रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसणार.

त्या मंगळवारी उत्तमने विचारलं, "धाकू, बंद?" उत्तर नाही. "अरे धाकू, बंद?" नाहीच! इकडे शेठ घायकुतीला आलेला, "अरे बंद ही होगा ना! जल्दी कर ना भाई, माल निकालना है!" पण उत्तम हात लावतोय होय? पाय आपटत, शिव्या घालत गेला स्विचपाशी, "बहिरा झालास काय रे?"... धाकू स्टुलावर, भिंतीला टेकून, डोळे मिटलेले. खटका खाली. कुलूप लावलेलं. चावी मुठीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. बसल्या जागी गेला हो.

मग घरी सांगायला कोण? इतकी वर्षं जो म्हणत होता मलाच जावं लागेल, तो राहिला झोपून, आणि धाकूच्या बायकोच्या, आनंदीवहिनीच्या दारात जाऊन उभा राहिला उत्तम! अशा वेळी माणसाने बोलावं तरी काय? तर ह्याच्या तोंडून निघालं काय, "वहिनी, मेन बंद होता..." अहो, त्या बाईला काही कळेचना! "बंद होता त काय, भावजी? पन ते कुठं हायेत?" तिथे उत्तम चौकट धरून जो रडला, जो रडला... वहिनीनेच त्याला पाणी दिलं, बोला!

दहाव्याला तिने धाकूच्या सामानासोबत घरी आलेलं ते कुलूप आणि चावी ह्याच्या हातात ठेवली. म्हणाली, "तुमीच ठेवा. लोकांना बोलू दे. त्यांनी कुलूप कधी इसरला न्हाय, मला म्हायती हाय."

आता जोडीला जितेंद्र आलाय. सज्जन माणूस. बिचारा घसा ताणून ओरडतो, "बंद आहे, उत्तमभाऊ!" उत्तम ऐकतो... आणि थांबतो. तोंडातल्या तोंडात विचारतो, "धाकू, बंद?" कुठलं उत्तर येतंय! मेन बंदच असतो, कुलूपही धाकूचंच असतं. तरी टेस्टर लावल्याशिवाय हात घालत नाही. लावायलाच हवा ना! मेलाबिला, तर उर्मिलावहिनीला सांगायला आता आहे कोण?